एक भिंत, तीन गोधड्या: मांडणीचा पडदा कसा करावा आणि वापरावा

गोधडी शिवणाऱ्याच्या हातात एका वेळी एकच काम असं सहसा नसतं. बारशाचं दुपटं घाईचं असतं, मोठ्या क्विल्टचे तुकडे कापून पिशवीत पडलेले असतात आणि उरलेल्या चिंध्यांचंही काहीतरी मनात घोळत असतं. हे सगळं अडकतं ते मांडणीपाशी, म्हणजे कुठला तुकडा कुठे बसवायचा ते ठरवताना. जमिनीवर पसरलं तर जेवायच्या वेळेला उचलावं लागतं. शिवाय वाकून बघताना जवळची ओळ मोठी दिसते, लांबची लहान, आणि रंगांचा तोल कळत नाही. तुकडे भिंतीवर उभे लावले की हा प्रश्न सुटतो.

त्या पडद्यासाठी फलालीन (फ्लॅनेल) घ्या. त्याच्या लवेला सुती तुकडे टाचणीशिवाय चिकटून राहतात. रंग पांढरा किंवा फिका राखाडी, पण साधाच. छापील फलालिनीवर कुठलीच मांडणी नीट दिसत नाही. पन्हा छत्तीस इंची असेल तर दोन मीटरचे दोन तुकडे उभे जोडा. साधारण सहा फूट रुंदीचा पडदा होतो. वरच्या काठाला नेफा शिवून त्यात पडद्याचा रॉड घाला, खालच्या नेफ्यात लाकडी पट्टी, म्हणजे कापड ताणलेलं राहील. मागे सॉफ्टबोर्ड असेल तर टाचण्याही नीट बसतात, पण तो नसला तरी चालतं. ऊन थेट पडतं ती भिंत टाळा, रंग उडतात. आणि छताच्या पंख्याचा विचार आधीच करा. पंखा तीनवर गेला की छोटे चौकोन भराभर गळतात. पंख्याखाली काम करायचं तर प्रत्येक तुकड्याच्या वरच्या काठाला एक टाचणी हवीच.

आता जागेचा हिशेब. न शिवलेले तुकडे जास्त जागा खातात आणि इथे बरेच जण फसतात. साडेतीन इंचांचे वीस चौकोन शेजारी शेजारी लावले तर ७० इंच लागतात. तेच पाव इंचाची शिलाई धरून जोडले की साडेसाठ इंच होतात. म्हणून लावतानाच प्रत्येक तुकडा शेजारच्यावर अर्धा इंच चढवा. भिंत पुरते आणि शिवल्यावर काय दिसणार तेही कळतं.

एकाहून जास्त कामं सांभाळण्याची खरी किल्ली मला इथे वाटते: भिंत फक्त त्या कामाला द्यायची, ज्यात अजून काही ठरायचं आहे. कापायचं काम टेबलावर होतं, शिवायचं मशिनवर, धावदोरा मांडीवर. त्यांना भिंत लागत नाही. म्हणून पडद्याचा मोठा भाग मांडणीतल्या एका कामाला ठेवा, कडेचा फूटभर पट्टा दुसऱ्याच्या नमुन्याच्या ब्लॉकला (तुकडे जोडून झालेला नक्षीचा एक चौकोन). तिसरं काम चिंध्यांचं. त्याचे जोडीजोडीने लावलेले चौकोन मशिनशेजारच्या डबीत ठेवा. मुख्य कामाची एक शिवण संपली की दोरा न तोडता चिंध्यांची एक जोडी मशिनखाली सरकवा आणि मग मागचा तुकडा कापून सोडवा. दोरा वाया जात नाही, आणि वेगळा वेळ न काढता चिंध्यांचे ब्लॉक साठत जातात.

मांडणी झाली की लगेच शिवायला घेऊ नका. रात्रभर राहू द्या. सकाळी चार पावलं मागे जाऊन बघा, मग फोनवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा. रंगात दिसत नाही ते त्यात दिसतं: लाल आणि हिरवा वेगळे वाटतात, पण गडदपणा सारखाच असेल तर फोटोत दोन्ही एकच राखाडी होतात आणि नक्षी बुडते. तिथे एखादा तुकडा काढून त्याजागी फिका लावून बघा. पटलेल्या प्रत्येक मांडणीचा फोटो ठेवा.

मध्येच घाईचं दुपटं आलं तर चालू मांडणी मोडायची नाही. यासाठी फलालिनीचा आणखी एक पडदा शिवून ठेवणं फार सोयीचं. चालू पडद्यावरचे तुकडे टाचून घ्या, वर जुनी सुती चादर पसरा आणि कापडाच्या दुकानात मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळीवर सगळं गुंडाळा. प्रत्येक ओळीच्या पहिल्या तुकड्याला क्रमांकाची चिठ्ठी लावा, बाहेरून कामाचं नाव. तिरकस कापलेले त्रिकोण मात्र फार दिवस टांगून ठेवू नका, त्यांच्या कडा ताणतात. त्यांचे आधी चौकोन शिवून घ्या. गुंडाळी पावसाळ्यात ओलीच्या भिंतीला टेकवू नका, कपाटावर आडवी ठेवा, आणि पोलादी टाचण्या गंजून डाग पाडतात म्हणून त्या महिन्यांत तुकडे कच्च्या टाक्याने अडकवा.

लवेत दोरे आणि धागे अडकून चिकटपणा कमी होतो. दोन कामांच्या मधे पडदा कपड्यांच्या ब्रशने वरून खाली झाडून घेतला की तुकडे पुन्हा घट्ट बसतात.