नवी तंत्रज्ञान कंपनी पारखायची कशी: व्हीसी फंडात आणि प्लांटमध्ये

व्हेंचर कॅपिटल फंडात नुकत्याच रुजू झालेल्या ॲनालिस्टच्या आणि मोठ्या कारखान्यात नवं तंत्रज्ञान निवडणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर पुष्कळदा एकाच स्टार्टअपचं सादरीकरण येतं. फंडाला पाहायचं असतं की ही कंपनी किती मोठी होऊ शकते. कारखान्याला पाहायचं असतं की ही उद्या बंद पडली तर आपलं काय अडेल. या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्या वर्षातच दोन्हीकडचे प्रश्न शिकून घ्यावेत. एका बाजूला न दिसणारा दोष दुसऱ्या बाजूला पुष्कळदा आकड्यांसकट दिसतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित कंपनी धरू. चाकण-भोसरी पट्ट्यातल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना ती कॅमेरा आणि एआयवर चालणारी तपासणी यंत्रणा देते. ॲल्युमिनियम कास्टिंगवरचे ब्लोहोल (हवेमुळे पडलेली छिद्रं), बर (कडेला राहिलेला जादा धातू) आणि चिरा ही यंत्रणा शोधते. एका उत्पादन लाइनसाठी वर्षाचं भाडं अडीच लाख रुपये.

आधी फंडाचं गणित

चांगला धंदा आणि व्हीसीला (व्हेंचर कॅपिटल फंडाला) परवडणारा धंदा यांत फरक आहे, आणि नवखे लोक सर्वांत जास्त इथेच गोंधळतात. समजा फंड 400 कोटींचा आहे आणि त्याने या कंपनीत 15 टक्के हिस्सा घेतला. पुढे भांडवल उभारणीच्या दोन फेऱ्यांत दर वेळी 20 टक्के नवे शेअर गेले, तर हा हिस्सा 9.6 टक्क्यांवर येतो. कंपनी 500 कोटींना विकली गेली तर फंडाच्या हाती 48 कोटी पडतात. संस्थापकांसाठी ही मोठी कमाई आहे, पण 400 कोटींच्या फंडाच्या दृष्टीने हा आठवा हिस्सासुद्धा नाही. एकट्या या गुंतवणुकीतून फंडाची मुद्दल परत यायची तर कंपनी साधारण 4,170 कोटींची व्हावी लागेल. फंड वीस-पंचवीस कंपन्यांत पैसे घालतो, त्यातल्या बऱ्याच बुडतात किंवा जेमतेम तरतात, आणि एक-दोन कंपन्या सगळा परतावा देतात. त्यामुळे प्रत्येक कंपनीकडे बघताना ‘ही ती एक असू शकते का’ हेच तपासावं लागतं.

आता बाजारपेठ मोजा, आणि ती खालून वर मोजा. ‘भारतातला वाहन उद्योग अमुक लाख कोटींचा, त्याचा एक टक्का मिळाला तरी’ असली स्लाइड बाजूला ठेवा. अशी यंत्रणा खरंच विकत घेऊ शकतील असे कारखाने किती? समजा 2,000. प्रत्येकात सरासरी तीन लाइन, म्हणजे 6,000 लाइन. प्रत्येकी अडीच लाख धरले तर वर्षाला 150 कोटी. त्यातला पाचवा हिस्सा मिळवणं हेसुद्धा मोठं यश म्हणायचं, आणि ते 30 कोटी होतं. बाजार या कमाईच्या सहा ते आठ पट किंमत देईल असं धरलं तर कंपनी 180 ते 240 कोटींची. वरच्या गणितात हे कुठेच बसत नाही.

म्हणून नकार द्यायचा का? लगेच नको. आधी संस्थापकांना विचारा की हेच उत्पादन जर्मनी, मेक्सिको किंवा थायलंडमधल्या कारखान्यांत काय किमतीला विकता येईल, आणि तिथे विक्री कोण करेल. 2008 साली पुण्यात सुरू झालेली ड्रुवा किंवा 2009 सालची आयसर्टिस या सॉफ्टवेअर कंपन्यांनी परदेशी ग्राहक डोळ्यांपुढे ठेवले, म्हणून त्यांचं गणित वेगळं झालं. याचं पटेल असं उत्तर संस्थापकांकडे नसेल तर धंदा बँकेच्या कर्जावर, स्वतःच्या नफ्यावर वाढवा असा सल्ला देणं हाच प्रामाणिकपणा आहे. नको त्या भांडवलाने चांगले धंदे मोडतात.

‘99 टक्के अचूक’ म्हणजे नेमकं काय

या एका मुद्द्यावर वेळ घालवाच. एका शिफ्टमध्ये लाइनवरून 10,000 भाग जातात आणि त्यात खरोखर सदोष भाग अर्धा टक्का, म्हणजे 50 आहेत असं धरा. यंत्रणा सदोष भागांपैकी 98 टक्के पकडते, म्हणजे 49. चांगल्या भागांपैकी फक्त एक टक्का चुकून बाद करते. ऐकायला छान वाटतं. पण चांगले भाग 9,950 आहेत आणि त्यांचा एक टक्का म्हणजे जवळपास 100. बाद मालाच्या लाल पेटीत पडलेल्या साधारण 150 भागांपैकी दोन-तृतीयांश भाग चांगलेच निघतात.

पुढे काय होतं ते प्लांटमधल्या कुणालाही विचारा. लाल पेटीतले भाग पुन्हा हाताने तपासायला एक माणूस बसवावा लागतो. उत्पादनाचं टार्गेट मागे पडलं की सुपरवायझर यंत्रणेची संवेदनशीलता कमी करायला सांगतो किंवा ती सरळ बायपास करतो. तीन महिन्यांनी कॅमेरा चालू असतो, दिवा लुकलुकत असतो, आणि त्याचा निकाल कोणी बघत नाही. कंपनीच्या डॅशबोर्डवर मात्र हा ग्राहक ‘ॲक्टिव्ह’ दिसतो. म्हणून अचूकतेचा एकच आकडा स्वीकारू नका. सदोष भाग किती सुटले आणि चांगले किती बाद झाले, हे दोन आकडे वेगवेगळे मागा, आणि ते कोणत्या कारखान्यातल्या, कोणत्या महिन्यातल्या मालावर काढले तेही विचारा. ज्या फोटोंवर एआय मॉडेल शिकवलं त्यांच्यावरच काढलेली अचूकता निरुपयोगी आहे.

उत्पादन स्वतः वापरून बघणं हा सर्वांत स्वस्त उपाय, तरी तो सर्वांत जास्त टाळला जातो. 2003 साली सुरू झालेल्या अमेरिकेतल्या थेरानोस कंपनीने बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या थेंबांत ढीगभर चाचण्या करण्याचा दावा केला, 70 कोटी डॉलरहून जास्त भांडवल उभं केलं आणि तिचं मूल्य 900 कोटी डॉलरपर्यंत गेलं. वॉलग्रीन्ससारख्या मोठ्या औषध दुकानांच्या साखळीने 2013 मध्ये तिच्याशी हातमिळवणी केली. गूगल व्हेंचर्सच्या लोकांनी मात्र एका सहकाऱ्याला दुकानात रक्त द्यायला पाठवलं. तिथे थेंबाऐवजी नेहमीसारखं शिरेतून रक्त मागितलं गेलं, आणि त्यांनी गुंतवणूक केली नाही. संस्थापिकेला 2022 मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवण्यात आलं. आपल्या उदाहरणात याचा अर्थ इतकाच की रात्रपाळीला लाइनवर जाऊन उभं राहायचं. लेन्सवर तेलाची वाफ बसते, पावसाळ्यात दमटपणा येतो, गाडीच्या नव्या मॉडेलचा भाग येतो. तेव्हा यंत्रणा काय करते आणि तिला पुन्हा नीट चालू करून देणारा माणूस कोणाच्या पगारावर आहे, ते बघायचं.

कमाईचे आकडे उघडून बघणं

वार्षिक आवर्ती कमाई, म्हणजे एआरआर, हा आकडा सगळे सांगतात. तो कसा बनवला ते विचारा. पायलटचे (चाचणीपुरत्या वापराचे) पैसे, एकदाच मिळालेलं इन्स्टॉलेशन शुल्क, कॅमेऱ्यांची विक्री किंवा नुसतं इरादापत्र यात घातलेलं आढळतं. एखाद्या चांगल्या महिन्याला 12 ने गुणलेलंही सापडतं. ज्याचा करार झाला आहे, ज्याचं बिल गेलं आहे आणि जे दर वर्षी पुन्हा येणार आहे, तेवढंच धरा.

पडताळणीसाठी भारतात आपल्याकडे फार चांगली साधनं आहेत आणि नवखे ती वापरत नाहीत. जीएसटीआर-1 या विक्रीच्या जीएसटी विवरणपत्रातली बिलं सांगितलेल्या विक्रीशी जुळवा. 26एएस या आयकर खात्याच्या विवरणात कोणत्या ग्राहकाने किती टीडीएस कापला ते दिसतं. मोठा ग्राहक म्हणून ज्याचं नाव सांगितलं, त्याची नोंदच तिथे नसेल तर प्रश्न विचारा. मग बँक स्टेटमेंट. या तिन्हींत फरक असला म्हणजे लबाडी आहेच असं नाही, थकबाकी किंवा तारखांचा घोळही असतो, पण कारण लेखी घ्या.

ग्राहक टिकण्याचे आकडे सर्वांत फसवे. समजा, 20 ग्राहकांकडून प्रत्येकी 5 लाख, म्हणजे वर्षाला एक कोटी येत होते. सहा ग्राहक सोडून गेले, 30 लाख गेले. एका मोठ्या ग्राहकाने 45 लाखांचं काम वाढवलं. जुन्या ग्राहकांकडची कमाई आता 1 कोटी 15 लाख, म्हणून स्लाइडवर ‘115 टक्के रिटेन्शन’, म्हणजे टिकलेली कमाई. प्रत्यक्षात तीस टक्के ग्राहक गेले, आणि राहिलेल्या कमाईचा मोठा भाग एका माणसाच्या सहीवर अवलंबून आहे. म्हणून ग्राहकवार, महिनावार यादी मागा आणि एक्सेलमध्ये स्वतः मांडा. महिन्याला 3 टक्के गळती किरकोळ वाटते, वर्षाअखेर ती 31 टक्के होते.

नवा ग्राहक मिळवण्याचा खर्च किती महिन्यांत वसूल होतो, तेही काढा. त्यासाठी 3 लाख खर्च होतो, तो ग्राहक महिन्याला 25,000 देतो आणि ग्रॉस मार्जिन (सेवा पुरवण्याचा थेट खर्च वजा जाता उरणारा भाग) 70 टक्के आहे, तर हाती 17,500 राहतात आणि वसुलीला सतरा महिने लागतात. हे मार्जिन खरं आहे का? एआय कंपन्यांत क्लाउडचं बिल, फोटोंवर खुणा करणारे लोक आणि दर आठवड्याला प्लांटमध्ये जाणारा इंजिनिअर हा सगळा खर्च ‘संशोधन’ या सदरात टाकलेला असतो. तो जागेवर आणला की 70 चे 40 होऊ शकतात. मग वसुलीला तीस महिने लागतात.

ग्राहकांशी बोलणं हा या कामाचा गाभा आहे, असं आम्ही मानतो. संस्थापकांनी दिलेली नावं गोडच बोलणार. त्यांच्याशी बोलाच, पण ज्यांनी यंत्रणा बंद केली त्यांना आणि ज्यांनी पायलटनंतर नकार दिला त्यांनाही शोधा. ‘आवडलं का’ असं विचारू नका. पैसे कोणत्या बजेटमधून गेले, आधी हे काम कसं होत होतं, गेल्या आठवड्यात किती जणांनी लॉगिन केलं, किंमत दीडपट झाली तर काय कराल, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी माणूस किती वेळ गप्प बसतो, त्यावरून बरंच कळतं.

कागदपत्रांत एक जागा हमखास अडते: कोड कोणाच्या मालकीचा? 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत लिहिलेलं काम सहसा मालकाचं होतं, पण फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडवर त्याचाच हक्क राहतो, जोवर लेखी हस्तांतरण नाही. हस्तांतरणपत्रात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि क्षेत्र लिहिलं नसेल तर फक्त भारत. जगभर विकायला निघालेल्या कंपनीला ही एक ओळ महाग पडते. पहिली आवृत्ती कोणी लिहिली, कॉलेजच्या प्रयोगशाळेत लिहिली का, संस्थापक तेव्हा दुसरीकडे नोकरीत होता का, हे पहिल्याच बैठकीत विचारून टाका.

टर्मशीटबद्दल, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या मसुद्याबद्दल, थोडक्यात. 8 कोटींना 20 टक्के हिस्सा म्हणजे पैसे आल्यानंतरचं मूल्य 40 कोटी आणि आधीचं 32. ईसॉपचा (कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या शेअरचा) वाटा या 32 मधून काढायचा की नंतर सगळ्यांकडून, यावर संस्थापकांचे काही टक्के ठरतात, म्हणून ते स्पष्ट लिहा.

खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीतून

प्लांटचा किंवा आयटीचा प्रमुख हेच सगळं वेगळ्या क्रमाने बघतो. आधीची पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) आणि सॅप (कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) यांच्याशी हे जोडणार कोण? इंटरनेट गेलं तर लाइन थांबेल का? रात्री दोन वाजता फोन कोण उचलेल? सुरक्षेच्या प्रमाणपत्रांत नुसतं नाव बघू नका. आयएसओ 27001 हे माहिती सुरक्षेचं प्रमाणपत्र कंपनीच्या कोणत्या ऑफिसला आणि कोणत्या कामाला लागू आहे ते त्याच्या स्कोपमध्ये लिहिलेलं असतं. एसओसी 2 या सुरक्षा तपासणीचा टाइप 1 अहवाल एका दिवसाची स्थिती सांगतो, टाइप 2 काही महिन्यांचा कारभार तपासतो. बँकेत असाल तर रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगचे निर्देश 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहेत, आणि त्यात पुरवठादार बदलायची वेळ आली तर बाहेर कसं पडायचं याची योजना आधीच तयार ठेवावी लागते.

पायलट फुकट घेऊ नका. फुकटच्या पायलटकडे दोन्ही बाजूंचं दुर्लक्ष होतं. सहा ते आठ आठवडे, एक लाइन, सुरुवातीलाच लिहून ठेवलेले तीन निकष: सुटलेले सदोष भाग, चुकून बाद झालेले चांगले भाग, आणि लाइनचा गेलेला वेळ. निकष गाठले तर किती लाइनसाठी, काय दराने ऑर्डर निघेल हेही त्याच कागदावर असावं, आणि त्यावर ज्याच्या हातात बजेट आहे त्याची सही. इनोव्हेशन टीमच्या उत्साहावर चाललेले पायलट खरेदी विभागात जाऊन महिनोन्‌महिने पडून राहतात. फंडातल्या माणसाने म्हणून हेच विचारायचं: तुमच्या पायलटच्या कागदावर सही कोणाची आहे?

पुरवठादाराकडे किती महिने पुरेल इतका पैसा आहे, हे अधिकाऱ्याने बिनधास्त विचारावं. बारा महिन्यांपेक्षा कमी असेल तर मॉडेल, डेटा आणि सोर्स कोड तिसऱ्याकडे सुरक्षित ठेवण्याची अट घाला. पण पैसे वेळेवर देण्याची जबाबदारी आपलीही आहे. एमएसएमईडी या लघु-मध्यम उद्योगांसाठीच्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांना करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. नव्वद दिवस रखडवलेलं बिल छोट्या कंपनीचे पगार थांबवतं, आणि मग तिचा जो इंजिनिअर तुमची लाइन सांभाळत होता तो दुसरीकडे जातो.

निर्णय झाला की एक पानाची नोंद लिहा. गुंतवणूक किंवा खरेदी यशस्वी व्हायची तर कोणत्या तीन-चार गोष्टी खऱ्या ठराव्या लागतील, आणि त्यांतली प्रत्येक गोष्ट कोणत्या आकड्यावरून तपासता येईल. नकार असेल तरी नोंद लिहा, संस्थापकांना दोन आठवड्यांच्या आत कारणासकट कळवा, आणि आपल्या उदाहरणात सहा महिन्यांनंतरच्या तारखेसमोर दोनच आकडे मांडून ठेवा: चुकून बाद होणारे चांगले भाग किती टक्के, आणि भारताबाहेरच्या किती लाइन पूर्ण भाडं भरतायत.