अपघात विभागात शिकताना योग्य इमेजिंगची निवड कशी करावी

भारतात इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विशेष विषय म्हणून मान्यता मिळाली ती २००९ मध्ये, त्यामुळे आज या विषयाचे रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर) घडवणाऱ्या अनेकांना स्वतःला सीटी, सोनोग्राफी आणि एक्स-रे यांतून निवड कशी करावी हे पद्धतशीरपणे कोणी शिकवलेले नाही. आम्ही पाहून पाहून आणि चुकून शिकलो. नव्या रेसिडेंटला मात्र हे कौशल्य पहिल्या महिन्यापासून ठरवून शिकता येते, आणि त्याची सुरुवात मशीनपासून नव्हे, तर मागणीच्या फॉर्मपासून करावी.

‘पोटदुखी, सीटी ॲब्डोमेन’ एवढेच लिहिलेला फॉर्म रेडिओलॉजिस्टला काहीच सांगत नाही आणि लिहिणाऱ्याने विचार केला की नाही हेही त्यातून कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘४५ वर्षांचे पुरुष, सहा तासांपासून डाव्या कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ, लघवीत रक्त, ताप नाही, मूत्रवाहिनीत खडा आहे का?’ असा प्रश्न समोर आला की आधी सोनोग्राफी पुरेल का, सीटी करायचाच तर तो कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून रंगद्रव्य न देता) आणि कमी किरणमात्रेचा करता येईल का, हे आपोआप बोलले जाते. हाच रुग्ण ७० वर्षांचा असेल आणि अशी कळ आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर प्रश्न बदलतो. तेव्हा खड्याच्या आधी महाधमनीचा फुगा फुटलेला नाही ना हे पाहावे लागते आणि सोनोग्राफीचा प्रोब तिथेच, ट्रॉलीवर, पोटावर ठेवावा लागतो.

फॉर्म लिहून झाला की स्वतःला विचारावे: तपासणीत दोष दिसला तर मी काय करीन, आणि दिसला नाही तर काय करीन? दोन्ही उत्तरे एकच असतील तर बहुधा त्या तपासणीची गरज नसते. नाकाच्या हाडाचा फोटो हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे, कारण उपचार ठरतात ते नाक वाकडे झाले आहे का आणि पडद्यात रक्त साकळले आहे का यावरून, आणि या दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या असतात. पोलीस केस असेल तर मात्र हाड मोडले आहे की नाही यावर दुखापत गंभीर ठरते की साधी हे अवलंबून असल्याने फोटो काढावा लागतो. अशा वेळी तो कायद्याच्या गरजेपोटी काढला आहे, असे केस पेपरवर सरळ लिहावे.

यानंतर निर्णयाचे नियम, म्हणजे कोणत्या रुग्णाला तपासणी लागेल हे ठरवणाऱ्या अभ्यासावर आधारित याद्या, शिकाव्यात. घोटा मुरगळल्यावर फोटो कधी काढावा हे सांगणारे ओटावाचे नियम १९९२ मध्ये आले, डोक्याच्या इजेसाठी कॅनडातील सीटीचा नियम २००१ मध्ये आणि मुलांच्या डोक्याच्या इजेसाठी पेकार्न या अमेरिकी संशोधन गटाचा नियम २००९ मध्ये. घोट्याचा नियम आधी घ्यावा, कारण तो हाताने शिकता येतो: घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही उंचवट्यांची मागची कड टोकापासून सहा सेंटिमीटरपर्यंत दाबून पाहणे, पायाच्या बाहेरील बाजूच्या पाचव्या हाडाचे मूळ आणि नौकाकृती हाड दाबणे, आणि रुग्णाला चार पावले टाकता येतात का हे पाहणे. वीस रुग्णांवर वरिष्ठांसमोर हे केले की पुस्तक उघडावे लागत नाही.

डोक्यासाठीच्या कॅनडाच्या नियमावर अधिक वेळ द्यावा. त्यातील जास्त जोखमीचे मुद्दे पाच आहेत: इजेनंतर दोन तासांनीही ग्लासगो स्कोअर (शुद्धीचे मोजमाप, पूर्ण शुद्धीत १५) १५ न होणे, कवटी उघडी पडल्याचा किंवा दबल्याचा संशय, कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाच्या खुणा, दोन किंवा अधिक उलट्या, आणि वय ६५ किंवा त्याहून जास्त. रेसिडेंट हे पाच मुद्दे पाठ करतात, पण नियम कोणाला लावायचा हे वाक्य विसरतात. हा नियम सोळा वर्षांखालील मुलांना, इजेनंतर आकडी आलेल्यांना आणि रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्यांना लागूच होत नाही.

मी स्वतः शिकत असताना ही चूक केली आहे. न्हाणीघरात घसरून पडलेल्या पन्नाशीच्या एक बाई चालत आल्या होत्या. शुद्ध हरपली नव्हती, उलटी नव्हती, बोलणे स्पष्ट होते. मी पाचही मुद्द्यांवर ‘नाही’ अशी खूण केली आणि घरी पाठवण्याचा कागद लिहायला घेतला. वरिष्ठांनी फक्त स्टेथोस्कोप छातीवर ठेवायला सांगितले. प्रत्येक ठोक्याला धातूचा बारीक टिकटिक आवाज येत होता, आणि पदराखाली छातीच्या मधोमध शस्त्रक्रियेची उभी खूण होती. हृदयाची झडप बदललेली होती; पिशवीतल्या गोळ्यांच्या पाकिटावर ॲसिनोकुमारॉल, म्हणजे रक्त पातळ करणारे औषध, लिहिलेले होते. सीटीमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्ताची पातळ चकती दिसली. त्या दिवसापासून नियमाचा कागद हाती घेण्याआधी मी गोळ्यांची पिशवी मागतो, आणि शिकणाऱ्या प्रत्येकाने तोच क्रम ठेवावा असे मला कळकळीने वाटते.

दुसरीकडे, नियम आपल्या रस्त्यांसाठी लिहिलेला नाही हेही लक्षात ठेवावे. त्यातील धोकादायक अपघातांच्या यादीत वाहनाने उडवलेला पादचारी आणि गाडीबाहेर फेकला गेलेला प्रवासी आहे. हेल्मेटशिवाय दुचाकीवरून फेकला गेलेला माणूस तिथे नाव घेऊन लिहिलेला नाही. मी त्याला धोकादायक गटातच धरतो.

तपासणी योग्य असूनही वेळ चुकीची असू शकते. रक्तदाब कोसळलेल्या जखमीला सीटीच्या खोलीत नेऊ नये. ट्रॉलीवरच ‘फास्ट’ (आत रक्त साठले आहे का हे झटपट पाहणारी) सोनोग्राफी करून यकृत व मूत्रपिंड यांच्यामधली जागा, प्लीहेभोवतीची जागा, ओटीपोट आणि हृदयाभोवतीचे आवरण पाहावे. त्यात रक्त दिसले तर शस्त्रक्रियागृह गाठायचे असते, पण दिसले नाही म्हणून पोट निर्धोक ठरत नाही, कारण आतड्याची इजा आणि पोटामागचा रक्तस्राव यात सहज निसटतो. छातीत हवा दाबाने साठली असेल तर फोटोची वाटच पाहायची नसते. आधी हवा मोकळी करावी.

पोटात दुखणाऱ्या तरुण स्त्रीची गर्भधारणेची चाचणी इमेजिंगच्या आधी करावी, आणि ती होकारार्थी आल्यास गर्भ गर्भाशयाबाहेर नाही ना या प्रश्नासाठी सोनोग्राफी करावी. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार मशीन नोंदणीकृत असणे आणि गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’ हा नोंदीचा अर्ज भरणे बंधनकारक आहे. हा कायदा रेसिडेंटने पहिल्या आठवड्यातच समजून घ्यावा.

फुप्फुसातील गुठळीच्या संशयात वेल्स स्कोअर (लक्षणांवरून गुठळीची शक्यता मोजणारे गुण) आधी आणि डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या घटकाची चाचणी) नंतर, हा क्रम मोडू नये. शक्यता जास्त असेल तर डी-डायमर न करता थेट सीटी अँजिओग्राफी करावी. पन्नाशीनंतर डी-डायमरसाठी ‘वय गुणिले दहा’ ही मर्यादा वापरता येते, पण त्याआधी प्रयोगशाळेच्या अहवालातील एकक पाहावे, कारण अहवाल एफईयू किंवा डीडीयू या दोनपैकी एका एककात येतो; ही मर्यादा एफईयूसाठी आहे आणि डीडीयूमध्ये तोच आकडा साधारण निम्मा येतो.

किरणोत्सर्गाचा हिशेब थोडक्यात असा: छातीच्या एका फोटोला साधारण ०.१ मिलिसीव्हर्टपर्यंत (हे किरणमात्रेचे एकक), डोक्याच्या सीटीला सुमारे २ आणि पोटाच्या सीटीला ८ ते १०. ही भीती दाखवून गरजेचा सीटी टाळू नये, पण नातेवाईक ‘एकदा सगळेच स्कॅन करून टाका’ म्हणतात तेव्हा हे आकडे शांतपणे सांगता यायला हवेत.

रात्री शंका आली तर रेडिओलॉजिस्टला फोन करावा, आणि तो ‘सीटी करून द्या’ असा नव्हे, तर ‘सर, मला हे शोधायचे आहे, कोणती तपासणी योग्य ठरेल?’ असा. अहवाल येण्यापूर्वी चित्रे स्वतः पाहावीत आणि आपले मत लिहून ठेवावे. त्यासाठी एक छोटी वही खिशात असावी: प्रश्न, तपासणीपूर्वी वाटलेली शक्यता, स्वतःचे वाचन, अंतिम अहवाल, आणि त्यामुळे उपचार बदलले का, अशा पाच रकान्यांची, रुग्णाचे नाव त्यात लिहू नये. दर महिन्याला ही वही वरिष्ठांसमोर उघडावी आणि शेवटच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेल्या नोंदींपासून चर्चा सुरू करावी.