विरोधी मतदाराकडे पाण्याचा आणि उसाचा प्रश्न घेऊन कसे जावे

सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी किंवा कवठेमहांकाळ तालुक्यात वर्षानुवर्षे दुसऱ्या पक्षाला मत देणाऱ्या घराचा विश्वास मिळवायचा असेल, तर कार्यकर्त्याने पक्षाचा विषय आधी काढू नये. त्या घराला आणि आपल्या मतदारालाही सारखाच भेडसावणारा एक प्रश्न निवडावा. टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे आवर्तन, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, हा असा प्रश्न आहे, कारण कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते, वीजबिल मोठे येते आणि पाणी उशिरा सुटले की दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागा होरपळतात. गावात जाण्यापूर्वी आवर्तनाच्या तारखा, पोटकालव्याची अवस्था आणि पाणीपट्टीची थकबाकी पाटबंधारे कार्यालयातून लेखी घ्यावी.

वाळवा, पलूसकडे उसाचे बिल हा समान धागा आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक असून विलंबावर वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. मात्र येथे खरी कसोटी आहे: आपल्याच नेत्याच्या कारखान्याकडे थकबाकी असेल, तर ती स्वतःहून मान्य करून देण्याची तारीख जाहीर करावी; अन्यथा हा विषय काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बैठक मंदिरात किंवा सोसायटीच्या कार्यालयात घ्यावी, झेंडे-उपरणी बाहेर ठेवावीत आणि समोरच्या पक्षाने केलेल्या कामाचे श्रेय मोकळेपणाने द्यावे. निवेदनावर दोन्ही गटांच्या सह्या घ्याव्यात आणि निवडणुकीचा निकाल काहीही लागला तरी पुढच्या आवर्तनाला त्याच गावात पुन्हा जावे.