क्रेट उघडण्याआधी वही उघडा

'फुकट' गेममध्ये नकळत जाणारे पैसे आवरायचे, तर पहिलं काम सगळ्यात कंटाळवाणं आहे. गेममधलं दुकान बंद करा आणि तुमच्या अ‍ॅप स्टोअरमधली खरेदीची यादी काढा. गूगल प्लेमध्ये ती 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'च्या आत 'बजेट अँड हिस्टरी'त सापडते. वर्षभराच्या नोंदी हाताने वहीत उतरवा. मी हे केलं तेव्हा एकेक रक्कम इतकी फुटकळ निघाली की कशावर गेली तेही आठवेना. बेरीज झाली आणि कान गरम झाले. आजवर पैसे मोजून घेतलेल्या सगळ्या गेम एकीकडे आणि हा 'फुकट' गेम एकीकडे, तरी पारडं याचंच जड! मग पावत्यांच्या ईमेलवरच्या वेळा पाहिल्या. बहुतेक रात्री अकरानंतरच्या, लागोपाठ हरलेल्या रात्रींच्या.

आता भाव वाचायला शिकू. गेममध्ये भाव नाण्यांत, हिऱ्यांत लिहिलेला असतो, कारण हिरे खर्च करताना हात आखडत नाही. समजा, एक स्किन (पात्राचा किंवा बंदुकीचा नुसता दिखाऊ वेश) १३५० नाण्यांची आहे आणि नाण्यांचे गठ्ठे मिळतात १००० आणि २००० चे. दोन हजारांचा घ्यावा लागतो. उरलेली ६५० खिशात खुळखुळत राहतात आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून आपण पुढचा गठ्ठा घेतो. हा हिशेब चुकून तसा बसलेला नसतो. वहीत स्किनचा भाव लिहूच नका. त्या गठ्ठ्यासाठी खात्यातून जेवढे पैसे जातील, तेवढेच लिहा.

खरी फसगत नशिबाच्या खरेदीत होते, म्हणजे आत काय निघणार ते पैसे दिल्यावरच कळतं तिथे. क्रेट म्हणा, लूट बॉक्स म्हणा, गाचा म्हणा की फिरतं चाक. आधी शक्यतेचे आकडे शोधा. अ‍ॅपलने ते जाहीर करणं डिसेंबर २०१७ मध्ये बंधनकारक केलं, गूगलने २०१९ मध्ये. चीन सरकारचा नियम त्याआधीच, मे २०१७ पासून लागू झाला होता. म्हणजे आकडे असतात, पण कोपऱ्यातल्या इवल्याशा खुणेमागे. काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या गेमच्या पेटीत सुरी, म्हणजे तिथलं दुर्मीळ बक्षीस, निघण्याची शक्यता ०.२६ टक्के, हे चीनमधल्या नियमामुळेच बाहेर आलं. सरासरी ३८५ पेट्यांमागे एक सुरी.

इथे मी एक चूक अनेक वर्षं केली. एक टक्का शक्यता म्हणजे शंभर क्रेट उघडले की एकदा मिळणारच, असं धरून चाललो. कॅल्क्युलेटरवर ०.९९ चा शंभरावा घात काढून बघा: ०.३६६. म्हणजे शंभर-शंभर क्रेट उघडणाऱ्या शंभर जणांत छत्तीस-सदतीस जण हात हलवत परततात. आधीचे नव्याण्णव वाया गेले हे क्रेटला माहीत नसतं. चाक बक्षिसाच्या अगदी शेजारी येऊन थांबतं तेव्हा 'थोडक्यात हुकलं' असं वाटतं ना? निकाल चाक फिरण्याआधीच लागलेला असतो. फिरणं नुसतं दाखवायला.

काही गेममध्ये ठरावीक वेळांनंतर हमी असते. खेळणारे तिला 'पिटी' म्हणतात. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये पाच ताऱ्यांच्या, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ, पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के, पण नव्वदाव्या पुलला (पुल म्हणजे एकदा नशीब आजमावणं) ते नक्की मिळतं. मेख अशी की मिळेल ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. पहिल्यांदा दुसरंच निघालं तर हवं ते नक्की मिळायला पुन्हा नव्वदपर्यंत. म्हणून वहीत आकडा जातो १८०, आणि १८० पुलना लागणारे पैसे हीच त्या पात्राची किंमत. तेवढे द्यायची तयारी असेल तर खुशाल घ्या, मी अडवत नाही.

आकड्यांनी न सुटणारी गोष्ट म्हणजे लाज. माझा भाचा माझ्याच स्क्वाडमध्ये खेळतो. एकदा लॉबीत म्हणाला, "मामा, तू अजून डिफॉल्टच? पोरं हसतात रे." डिफॉल्ट म्हणजे गेमबरोबर फुकट मिळणारा साधा वेश. त्याच रात्री मी स्किन घेतली. 'कॉल ऑफ ड्यूटी' गेम काढणाऱ्या ॲक्टिव्हिजनला ऑक्टोबर २०१७ मध्ये एक पेटंट मिळालं, ज्यात नवख्याला मुद्दाम एखाद्या मुरलेल्या खेळाडूबरोबर खेळवायचं, म्हणजे त्याची बंदूक बघून नवख्यालाही ती घ्यावीशी वाटेल, अशी युक्ती आहे. कंपनीने सांगितलं की ही पद्धत कुठल्या गेममध्ये वापरलेली नाही. असेल. पण मोह तयार करता येतो, हे कुणीतरी कागदावर मांडलं होतं. तेव्हापासून खरेदीची हुक्की आली की आधीच्या दहा मिनिटांत काय झालं ते एका ओळीत लिहितो. 'मेलो. मारणाऱ्याकडे सोनेरी बंदूक.' हे वाचलं की बोट आपसूक मागे येतं.

'शेवटचे २३ तास' अशी पाटी दिसली तर वस्तूचं नाव आणि तारीख लिहून झोपायला जा. मी तीन वस्तू अशा सोडल्या. दोन काही महिन्यांत दुकानात परत आल्या. तिसरी आली नाही, आणि ती काय होती हे आता वही बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

बॅटल पास (एका सीझनपुरतं विकतचं तिकीट, खेळून लेव्हल गाठाल तशी बक्षिसं) घ्यायचाच असेल तर सीझनच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. बहुतेक गेममध्ये तोवर गाठलेल्या लेव्हलची बक्षिसं तेव्हाही मिळतात. आधी घेतला की पैसे वसूल करायला रोज राबावं लागतं.

मग कुलपं. सेव्ह केलेलं कार्ड काढा, प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. गूगलचं मासिक बजेट नुसता इशारा देतं, अडवत नाही. मुलांच्या आयफोनवर 'आस्क टू बाय' चालू करा, म्हणजे खरेदीआधी तुमची परवानगी लागेल. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फोर्टनाइट गेम काढणाऱ्या एपिक गेम्सकडून २४.५ कोटी डॉलर परताव्यासाठी कबूल करून घेतले. एका बटणाच्या धक्क्याने नको असलेली खरेदी होत होती, हा एक आरोप. बँकेत तक्रार करणाऱ्यांची खाती बंद केली जात होती, हा दुसरा. त्यामुळे चुकून खरेदी झाली तर बँकेकडे धावण्याआधी स्टोअरकडे परतावा मागा. गूगल प्लेवर ४८ तासांच्या आत.

भाच्याच्या फोनवर हे सगळं लावायला बसलो तर तो म्हणाला, "आधी तुझा दाखव." दाखवला. कार्ड अजून तिथेच सेव्ह होतं.