नाशिकच्या उपनगरात थ्री बीएचके भाड्याने घेण्याआधी

घरं बघायला निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाची रोजची जा-ये कागदावर लिहून काढा. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत नोकरी असेल तर पाथर्डी फाटा, इंदिरानगर, कामटवाडे सोयीचं. सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडणारं कोणी असेल तर उपनगर, जेलरोडकडे बघा. गंगापूर रोडवरून रोज नाशिकरोड स्टेशन गाठायचं म्हणजे द्वारका चौकातली वाहतूक कोंडी रोजची झाली. मुलांची शाळा आणि आजी-आजोबांचा दवाखानाही याच कागदावर हवा. खोल्या किती, हे त्यानंतर.

घर बघायला सकाळी जा, नळाला पाणी येतं त्या वेळी. एजंट दुपारी बोलावतो, तेव्हा सगळंच शांत आणि छान दिसतं. पाणी महापालिकेचं किती वेळ येतं, बोअरवेल आहे का, टँकर मागवावा लागतो का आणि लागलाच तर त्याचे पैसे मेन्टेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे वॉचमनला आणि शेजारच्या बाईंना विचारा. मालकाचं उत्तर त्यानंतर ऐका. सहा-सात माणसांच्या घराला पाण्याची ओढाताण फार जाचते. दोन्ही बाथरूमचे नळ एकदम सोडून धार बघा. सोलर असेल तर गरम पाणी आपल्या मजल्यापर्यंत पोचतं का, तेही बघा. नाशिकच्या थंडीत पहाटे अंघोळ करणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे.

त्यांच्यासाठी अजून दोन गोष्टी बघाच. लाइट गेल्यावर लिफ्ट चालते का, आणि निदान एका बाथरूममध्ये कमोड आणि हाताला धरायला दांडी बसवता येईल अशी भिंत आहे का. आजोबांना चौथ्या मजल्यावर घरकोंडी होणार असेल, तर हॉल कितीही मोठा असला तरी मी ते घर घेऊ नका असंच सांगेन.

गोदावरीकाठची किंवा नासर्डी नदीकाठची इमारत असेल तर पूररेषा विचारा. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ ला गोदावरीला मोठे पूर आले होते. तेव्हा पार्किंगमध्ये पाणी होतं का, हे जुने रहिवासी लगेच सांगतील. पार्किंग कागदावर कोणतं मिळतं, तेही त्याच फेरीत बघून घ्या.

आता करार. लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीचा भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. समजा ११ महिने, भाडं २०,००० आणि डिपॉझिट ६०,००० धरलं, तर हे शुल्क साडेपाचशे-पावणेसहाशेच्या घरात येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणीत आधारवर अंगठा देऊन काम होतं. एवढ्याशा पैशासाठी नुसत्या नोटरीवर थांबू नका. डिपॉझिट अडलं, तर हातात नोंदणीकृत कागदच हवा.

करारात नोटीस पीरियड, दरवर्षी भाडं किती वाढणार आणि रंगकामाचा खर्च कोणाचा, हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मालकानेच भरायचे, हेही त्यात येऊ द्या. मेन्टेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा? हा एक प्रश्न विसरला की पुढे दर महिन्याला वाद होतो. आणि २०२७ चा कुंभमेळा लक्षात घेऊन लॉक-इन, म्हणजे ठरल्या मुदतीआधी घर खाली करायला न सांगण्याची अट, मागाच. ऐन मेळ्याच्या महिन्यांत मुलांची शाळा सुरू असताना घर रिकामं करायची वेळ कोणावरही येऊ नये.

टोकन देण्याआधी महावितरणचं शेवटचं बिल मागा आणि थकबाकी आहे का बघा. वापर १००, ३००, ५०० युनिटच्या पुढे सरकला की युनिटचा दर वाढतो, त्यामुळे मोठ्या घराचं बिल आधीच अंदाजून ठेवा. पाइपचा गॅस आहे की सिलिंडर, तेवढं विचारा. किल्ली हातात आली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. भिंतींवरचे डाग, खिडक्यांच्या कड्या, मीटरचं रीडिंग सगळं त्यात येऊ द्या आणि तो त्याच दिवशी मालकाला पाठवा. भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे दिल्याची प्रत मालकाकडून मागून कराराच्याच फाइलमध्ये लावा.