ओमाहा पोकर: फ्लश 'लागलेला' असूनही डाव हरत होतो

हातात इस्पिक एक्का, बदाम राजा, चौकट नव्वी, किलवर नव्वी. टेबलावर इस्पिकचे राजा, अठ्ठी, पंजी, दुरी आणि चौकट चौकी. मी खुशाल 'फ्लश' (एकाच रंगाची, म्हणजे इथे इस्पिकची, पाच पानं) म्हणालो. प्रत्यक्षात होती फक्त राजांची जोडी!

होल्डेमची सवय नडत होती (पोकरचाच दुसरा प्रकार, त्यात हातातलं एक पानही पुरतं). तक्ते पाठ केले, ॲप वापरलं, तरी तीच चूक. वैताग आला होता.

ओमाहात हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची नेमकी तीन पानं लागतात. एक किंवा तीन चालत नाहीत. म्हणून आता मी आधी टेबल वाचतो. एका रंगाची तीन पानं नाहीत? फ्लश कुणाचाच नाही. असतील तर हातात त्याच रंगाची दोन हवीत. टेबलावर सारख्या आकड्याची जोडी नाही? फुल हाउस (तीन सारखी अधिक दोन सारखी), चौकडी (चार सारखी) बाद. मग सलग पाचांच्या टप्प्यात बसणारी तीन पानं शोधतो. नसतील तर स्ट्रेटही (सलग पाच पानं) नाही.

त्यानंतरच हात. हातातल्या चार पानांतून दोन-दोन पानांच्या जोड्या सहाच: पहिलं पान उरलेल्या तिघांशी, दुसरं पुढच्या दोघांशी, शेवटी तिसरं-चौथं. घरी सराव करताना जोडी पुढे सरकवायची आणि टेबलावरची दोन पानं चक्क उलटी ठेवायची. (बायको हसते, हसू दे.)