विषय सापडला, पण म्हणणं कुठंय?

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत नव्याने आलेल्या मुलांबरोबर उतारे वाचायला बसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेखक काय म्हणतोय? उत्तरही बहुतेक ठरलेलंच असतं. "दादा, शेतीबद्दल." "शिक्षणाबद्दल." हा झाला विषय. ज्याला कुणीतरी ठामपणे 'छे, मला नाही पटत' म्हणू शकेल, ते म्हणणं. 'शेतीबद्दल' याला कोण नाही म्हणणार? 'शेतीचा प्रश्न शेतीत राहून सुटायचा नाही' असं म्हणून बघा, पारावर अर्धा गाव भांडायला उठेल. म्हणून मध्यवर्ती कल्पना, म्हणजे हे म्हणणंच, लिहायची ती नेहमी पूर्ण वाक्यात, क्रियापदासकट. दोन-तीन शब्दांत लिहिलेली मी तपासतच नाही.

सरावाला गाईडमधले उतारे मी शक्यतो देत नाही. ते कापून-छाटून इतके गुळगुळीत केलेले असतात की पहिलं नाहीतर शेवटचं वाक्य उचललं की भागतं. त्यापेक्षा एकच लांब, अडचणीचा मजकूर चार बैठकांत वाचलेला बरा. माझा हातखंडा मजकूर म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यांवरचे उपाय यावर लिहिलेला निबंध. मूळ इंग्रजीत आहे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात मिळेल.

शीर्षक वाचूनच निम्म्या मुलांचं उत्तर तयार असतं: जमिनीचे तुकडे फार झाले, ते एकत्र करा. गावाकडच्या मुलांना तर हे सगळं घरचंच. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा, एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन आलेले गट नंबर, बांधावरून चुलत्याशी चाललेला दावा, असं सगळं डोक्यात घेऊनच ती वाचायला बसतात. त्यात वाईट काही नाही, माहिती असलेली केव्हाही चांगली. फक्त तिच्यामुळे लेखकाच्या तोंडी आपलं वाक्य जातं.

निबंधात आंबेडकर आधी दोन गोष्टी सुट्या करतात. जमीन विखुरलेली असणं वेगळं आणि जमीन लहान असणं वेगळं. चार ठिकाणचे तुकडे एका जागी आणले तर विखुरलेपण जाईल, पण आपल्या भाषेत सांगायचं तर अडीच एकर ते अडीच एकरच राहणार. लेखक अशी फोड करतो तेव्हा थांबायचं. तो ज्या दोन गोष्टी वेगळ्या करतोय, त्या लोक एकच समजतात असं त्याचं मत आहे आणि पुढचा वाद तिथूनच निघणार आहे.

त्यानंतर येतात इतरांची मतं. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याचे संचालक कीटिंग, अर्थशास्त्राचे प्रा. जेव्हन्स, बडोदा संस्थानची समिती. इथे पेन्सिल फार जपून चालवावी लागते. किफायतशीर जमीन कोणती, याची कीटिंग यांची व्याख्या साधारण अशी: खर्च वजा जाता शेतकऱ्याला कुटुंबासह बऱ्यापैकी सुखात राहता येईल इतकं पिकवण्याची संधी देणारी. ऐकायला इतकं पटतं की मुलं खाली दोनदा रेघ मारतात आणि समासात 'म. क.' (मध्यवर्ती कल्पना) लिहून मोकळी होतात. आंबेडकरांनी ती व्याख्या मांडलीय ती मोडून काढायला. त्यांचा आक्षेप असा की ही व्याख्या खाणाऱ्याच्या बाजूने केली आहे. शेत हा उत्पादनाचा धंदा आहे, म्हणून त्याचा हिशोब जमीन, मजूर आणि भांडवल यांच्या एकमेकांशी असलेल्या प्रमाणावरून व्हायला हवा. नुसतं आकारमान बघून कोणतीही जमीन किफायतशीर किंवा तोट्याची ठरत नाही.

मी मुलांना सांगतो, समासात प्रत्येक परिच्छेदाला एकच अक्षर टाका: 'ले' म्हणजे लेखक बोलतोय, 'दु' म्हणजे दुसरा कुणीतरी. बाकी रंगीत पेनं, बाण, चौकटी यांचा मला काही फार उपयोग दिसलेला नाही. पान सजतं, एवढंच.

आता पुरावा. नांगर आणि बैल यांचे आकडे या निबंधात येतात. त्यांवरून आंबेडकर जो निष्कर्ष काढतात तो वाचून बरेच जण दचकतात: हाताशी असलेली औतं-बैलं बघता आहेत ती शेतं लहान नाहीतच, उलट मोठी पडतात. औत तेवढंच असेल तर रान वाढवून करायचं काय? आकडे पुरावा आहेत की भरणा, हे बघायला त्यांवर हात ठेवून झाकायचे. झाकल्यावर निष्कर्ष अधांतरी लोंबकळला तर तो पुरावा. काहीच बिघडलं नाही तर तो तपशील, उत्तरात नाही आला तरी चालेल.

पण इथेच पुढची पायरी आहे आणि ती बहुतेक जण गाळतात. हा पुरावा नेमकं काय सिद्ध करतो? एवढंच, की दोष आकाराचा नसून प्रमाणाचा आहे. कारखाने काढा, हे नांगरांच्या आकड्यांतून निघत नाही. त्यासाठी निबंधात वेगळी साखळी आहे. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं लोंबकळून आहेत. त्यांतले रिकामे हात उत्पन्नात भर तर घालत नाहीतच, आहे ते थोडंथोडकं भांडवलही खाऊन टाकतात. बाहेर काम मिळत नाही तोवर जमिनीवरचा भार हटत नाही आणि वाटण्या थांबत नाहीत. म्हणून आधी औद्योगिकीकरण, मग एकत्रीकरण. शेतीच्या दुखण्यावर उद्योग हा उपाय विचित्र वाटेल, हे आंबेडकर स्वतःच मान्य करतात. लेखक वाचकाचा आक्षेप असा आधीच ओळखून बोलला की त्याचं खरं म्हणणं जवळपासच असतं. तेव्हा मध्यवर्ती कल्पना लिहायची ती अशी: जमिनी लहान असणं हा मूळ रोग नाही, ते अर्थव्यवस्थेच्या बिघडलेल्या घडीचं लक्षण आहे, आणि त्यावरचा टिकाऊ उपाय औद्योगिकीकरण हा आहे. शीर्षकात यातलं अक्षरही नाही.

सगळेच मजकूर असे शेवटाकडे उलगडत नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे दिलेलं निवेदन घ्या. सुरुवातीला ते आपण चालवलेल्या शाळांबद्दल सांगतात. हे म्हणणंही नाही आणि पुरावाही नाही, 'मला यावर बोलायचा अधिकार का आहे' याचं उत्तर आहे. मग मुद्दा येतो: सरकारचा महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांकडे. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्या मुद्द्यावर उभी आहे. मागणी लक्षात ठेवून मुद्दा विसरणारे बरेच दिसतात, कारण मागणीत आकडा असतो.

परीक्षेपुरतं बोलायचं तर यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतल्या मराठीच्या पेपरला ३०० गुण आहेत. तो फक्त पात्रतेचा, २५ टक्के लागतात, म्हणून कुणी मनावर घेत नाही. त्यात ६० गुणांचं सारांशलेखन असतं, उतारा एक तृतीयांशावर आणायचा. आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाल्याने हे कसब नुसतं पात्रतेपुरतं राहिलेलं नाही. सारांश करताना प्रत्येक परिच्छेदातून एकेक वाक्य उचलायची सवय असेल तर ती आधी मोडा. आंबेडकरांच्या निबंधाचा सारांश करायला दिला तर कीटिंगना एक वाक्य पुरे, नांगर-बैलांना एक, आकड्यांचे तक्ते अजिबात नकोत. उरलेली सगळी जागा रिकाम्या हातांपासून कारखान्यापर्यंतच्या साखळीला द्या, कारण तिथली एक कडी जरी सुटली तरी तुमचा सारांश 'तुकडे एकत्र करा' असंच म्हणू लागतो.